पूर्वेकडचं दार

“यल्ला, चला काकू, आता हो म्हणा,” वेदांगनं लॅपटॉप छायाच्या पुढ्यात सरकवला.

खिडकीबाहेर अबुधाबीतल्या अल रीमचे टॉवर उन्हात तापत होते. पडद्यावर मात्र तिबेटचं पठार होतं, उपग्रहानं वरून टिपलेलं. उजाड दरी. प्राचीन उभ्या दगडांची रांग. आणि ओढ्याच्या अलीकडे दगडांचा एक लहानसा चौकोन, पूर्वेच्या बाजूनं उघडा.

“नवीन दफनस्थळ. कुणाच्याच नकाशावर नाही,” तो म्हणाला. “दार बरोब्बर पूर्वेला, म्हणजे विधीसाठीच बांधलेलं. माझी पहिली साइट आहे, काकू. तुम्ही ओके दिलंत की आजच नकाशा फायनल.”

छायाचा नवरा निनाद यानं सुरू केलेला प्राचीन स्थळांचा हा सर्व्हे त्याच्या मृत्यूनंतर त्याचा विद्यार्थी वेदांग पुरा करत होता. ती दरी पायांनी तुडवलेलं माणूस आता एक छायाच उरली होती. म्हणून तिचा शब्द शेवटचा.

छायानं चष्मा पुसला. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन-तीन दगड होते. तिला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. पोराचा चेहरा केवढा उजळला होता. पण खोटं तिच्या तोंडून निघत नसे.

“बाळा, हे थडगं नाही रे. हा आमचा तंबू.”

वेदांगनं पडद्यावरचा चौकोन मोठा केला.

“कडा उडू नयेत म्हणून दगड ठेवायचे. कोपऱ्यावर तीन, ही तुझ्या सरांची पद्धत. आणि दार पूर्वेला माझ्यामुळं. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी चहा घेत नाही ना. तांब्यातलं पाणी गोठलेलं असायचं, ते आधी स्टोव्हवर वितळवायचं. खिंडही नेमकी पूर्वेला. वारा थेट अंथरुणात.”

“आणि सर? ते तर देवबिव मानत नव्हते.”

“कुडकुडत म्हणायचा, ‘तुझा सूर्य येतो आठ वाजता, त्याचा वारा मात्र रात्रभर मुक्कामाला.’”

दोघंही हसले. छायाच्या जिभेवर तो खारट लोण्याचा चहा आला, नाकात शेणीचा धूर. आणि कानात निनादचा खोकला. तो त्याला तिथंच जडला आणि कायमचा राहिला. माझ्या नेमापायी, असं ती आजवर मनाशी म्हणत आली होती. तो एकच उन्हाळा ती गेली. पुढं मुलगी झाली आणि ती अबुधाबीतच राहिली. निनाद एकटा जात राहिला.

“खलास,” वेदांगनं सुस्कारा सोडला. “काढून टाकतो. थांबा, एकदा जुना फोटो बघू. तुम्ही गेला होतात, त्याच वर्षीचा आहे.”

त्यानं ते चित्र आणि पुढच्या वर्षांची चित्रं शेजारी लावली. मग ओढ्याच्या रेषेवर बोट ठेवलं.

“काकू, तुमचा तंबू हा इथं, ओढ्याच्या पलीकडे होता. त्याचे दगड नंतर पुरात गेले असणार. अलीकडे तर त्या वर्षी काहीच नव्हतं. हा चौकोन सहा वर्षांनंतरचा आहे.”

छायानं पुन्हा वाकून पाहिलं. कोपऱ्यांवरचे दगड निनादनंच रचले होते, यात शंका नव्हती.

“तेव्हा सर एकटेच होते ना?” वेदांगनं विचारलं. “मग वाऱ्याच्या तोंडावर दार कशाला ठेवलं त्यांनी?”