राजीनाम्यानंतरची प्रेमकथा

बायको पहिलं प्रकरण वाचत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मंत्री असताना त्याने चहाच्या कपावरचं झाकण उचललं की अख्खी बैठक झाकणं उचलायची. घरी हिने स्वतःचा चहा पिऊन त्याचाही संपवला होता.

मूळचा तो कादंबरीकार. बीजिंगला सांस्कृतिक मंत्री झाला आणि भाषणं करण्यातच वर्षं गेली. शेवटी लिहायला मिळावं म्हणून राजीनामा दिला. ही त्यानंतरची पहिली प्रेमकथा.

"अहो, हा मुलगा नदीकाठी तिला मागणी घालतोय ना?"

"हो. का?"

"'सर्वप्रथम मी तुझ्या डोळ्यांच्या उल्लेखनीय कामगिरीचं अभिनंदन करतो.' असं कोण बोलतं?"

त्याने कान खाजवला. "काढतो ते."

"आणि 'या प्रेमात काही त्रुटी राहिल्या, तरी एकूण वाटचाल समाधानकारक आहे'?" हसता हसता तिला ठसका लागला. "मला मागणी घालताना तुमच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तेच बरं होतं. मग? पोरीने टाळ्या वाजवल्या की नाही?"

तो खाली मान घालून म्हणाला, "पुढच्या पानावर. उभं राहून."