मॉरिस विकणे आहे

"नव्या फ्लॅटला गॅरेज नाही. एक तर ती मॉरिस वीक, नाहीतर तिच्यातच झोपत जा," थेल्माने नवऱ्याला बजावलं. नॉर्मनने मुकाट जाहिरात दिली, पण आठ हजारांच्या गाडीला सोळा हजार पौंड लावले. वर जो येईल त्याला पडेल चेहऱ्याने सांगायचा, "मूळ इंजिन काढलंय हं, मोठं बसवलंय." जुन्या गाड्यांचे सोवळे शौकीन ते ऐकून अर्धा चहा टाकून पळायचे.

आज आलेला टकलू म्हातारा मात्र हलेना. "मोठं इंजिन? बरंच झालं की. चढावर ट्रकमागे रडायला नको," म्हणाला आणि सगळे सोळा हजार द्यायला तयार झाला.

"घरी जाऊन विचार करा ना, घाई काय आहे?" नॉर्मन कासावीस झाला.

"आता कसला विचार? चावी दे त्यांना," थेल्मा दारातूनच म्हणाली.

नॉर्मनने चावी पुढे केली, पण बोटं काही सुटेनात. थेल्मा चहा टाकायला आत वळली, तसा म्हातारा जवळ सरकला.



"कुणी घेऊ नये म्हणून मीही अशीच किंमत लावली होती हो. काल माझी मॉरिस विकली गेली."