साधे कपडे

सुधारगृहातून लेकाला घरी आणताना त्रिवेणीने ऑटो मुद्दाम नल्लकुंट्याच्या गल्ल्यांतून घ्यायला लावला. विक्रमच्या नजरेला खाकी पडू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तरी सिग्नलला एक पोलीस आडवा आलाच. तिने पटकन विक्रमच्या तोंडासमोर पदर धरला. विक्रम मात्र शांत बसून होता.

घरी तिचा भाऊ दारातच वाट बघत उभा होता. चौकड्यांचा शर्ट, तोंडभर हसू. त्याने विक्रमच्या खांद्यावर हात ठेवला.

"ये बेटा, घाबरू नकोस."

विक्रम पांढराफटक पडला. त्याने आईचं मनगट घट्ट धरलं.

"अरे, मामा आहे तुझा!"

"माहीत आहे गं. पण मला न्यायला आलेले पोलीसपण असेच आले होते. मुलं घाबरू नयेत म्हणून ते साधे कपडे घालतात."