सुझुकीची माय

"मी नाई बसत त्याच्यात," गुणाबाई म्हणाली आणि दाराची चौकट धरून तिथंच उभी राहिली.

गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं होतं. नारळ फुटला होता, आणि आरमोरीच्या त्या गल्लीतली निम्मी माणसं खोबऱ्याच्या आशेनं रेंगाळत होती. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्या प्रफुलचा चेहरा मात्र उतरला. घरातली पहिली गाडी पहिल्यांदा हलेल ती मायला घेऊनच, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. त्याशिवाय तो लिंबावरून चाक नेणार नव्हता. दुपारी देसाईगंजच्या स्टेशनवरून पाहुणे आणायचं पहिलंवहिलं भाडं ठरलं होतं, आणि इथं माय हटून बसली होती.

तिचा राग कशाचा, ते त्याला ठाऊक होतं. घर कोष्ट्याचं. नवरा गेल्यावर गुणाबाई स्वतः मागाच्या खड्ड्यात उतरली. पायाखालच्या पावड्या दाबून दाबून तिनं कोशाचं रेशमी कापड विणलं, त्यावर पोराला वाढवलं, वेळ आल्यावर त्याच्या हातात मागाचा धोटा दिला. आणि या दिवट्यानं धोटा ठेवून चाक धरलं. तो गाडी शिकायला जाऊ लागला तेव्हापासून ती त्याच्याशी मोजकंच बोलायची. संध्याकाळी परत आला की विचारायची, "झालं का शिकून?" आणि उत्तराची वाट न पाहता तोंड फिरवायची. प्रफुलच्या काळजाला ते लागायचं. आज मात्र तो तयारीनं बसला होता.

"माय, ऐक तं. ही गाडी कोणाची हाये, ठाऊक हाये का तुले?"

"मारुतीची. लहान लेकराले ठाऊक हाये."

"मारुती हे नाव झालं. आडनाव सुझुकी. जपानचं. आन् ते लोकं आपल्यावानीच मागावाले होते."

गुणाबाईनं भुवया चढवल्या. पोरगा थापा मारण्यात लहानपणापासून पटाईत होता. पण शेजारची वच्छलाबाई कान टवकारून पुढं सरकली, तसा प्रफुललाही चेव आला. तो सांगत सुटला. सुझुकी म्हणजे सुतारकाम शिकलेला एक पोरगा. त्याची माय दिवसभर मागावर राबायची. तिचे कष्ट त्याला बघवेनात. म्हणून त्यानं पायानं चालणारा नवा माग बनवला. तो पाहून शेजारणी म्हणाल्या, आम्हालाही पाहिजे. त्यातून मागांचा कारखाना उभा राहिला. कितीतरी वर्षं तिथं नुसते मागच बनत होते. पुढं मागाचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी सायकलला इंजिन लावून पाहिलं, मग मोटारसायकल केली, मग गाडी.

"तेबी केवढीशी गाडी, माय. मोठ्या गाड्या साऱ्याच करतात. यानं लहान केली. पेट्रोल कमी पेते, आपल्या गल्लीत वळते, बिघडली तं झाडाखालचा मिस्त्रीबी दुरुस्त करते. चामोर्शीले जा नाईतं सिरोंचाले जा, रस्त्यानं याच गाड्या दिसतीन तुले."

"पाहा वो गुणाबाई," वच्छलाबाई म्हणाली. "घरच्याच माणसाची गाडी निंगाली. बस ना आता. खोबरं वाळून राह्यलं."

लोक हसले. गुणाबाई हसली नाही, पण चौकटीवरचा तिचा हात सुटला.

"कोणासाठी केला म्हणते त्यानं तो माग?"

"त्याच्या मायसाठी."

"आन् चालवे कोण? ते मायच?"

"मंग? तिच्यासाठीच तं केला."

ती पायरी उतरली. गाडीला वळसा घालून प्रफुलच्या बाजूला आली आणि वाकून आत पाहू लागली. प्रफुलला आनंद आवरेना. "हे पाहा, इथीबी पायाचंच काम हाये. हा क्लच, हा ब्रेक, अन् हा पळवाचा. एक दाबला का दुसरा सोडाचा. तू जन्मभर तेच करत आली ना?"

गुणाबाई त्या तीन पट्ट्यांकडे एकटक बघत राहिली. कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या. नव्या कापडाची घडी पहिल्यांदा उलगडताना तिचा चेहरा व्हायचा, तसा झाला. प्रफुलनं तो चेहरा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. आपण मागाला दगा दिला, हे ओझं तो एकट्यानंच वाहत आला होता, ते एकदम उतरलं. माय मानली.

तो उडी मारूनच बाहेर आला. मागचं दार सताड उघडलं. तिनंच विणलेली कोशाची शाल सीटवर अंथरली, सुरकुत्या हातानं साफ केल्या, आणि लग्नाच्या वऱ्हाडाला बोलवावं तसा अदबीनं बाजूला उभा राहिला.

गुणाबाईनं त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पदर कमरेला खोचला. मागावर उतरण्याआधी काढायची तशा चपला काढून कडेला ठेवल्या. मग पुढच्या उघड्या दारातून आत शिरली, लेकाच्या रिकाम्या जागेवर ऐसपैस बसली, आणि अनवाणी पायानं एकेक पट्टी हलकेच चाचपून पाहिली.

"त्या शालीवर तू बस," ती म्हणाली. "कवापासून वाट पाहून राह्यली मी, का हा आज तरी म्हणन, माय, चाल, तूबी शिक."