होस्टेलचं सामान

"गादीला रेलू नकोस गं, सरळ बस," लतिकाने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि मयूरी पुढे सरकली. व्हॅनमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जाडजूड नवी गादी, पत्र्याची पेटी, बादली-मग, लोणच्याच्या बरण्या, टेबलफॅन. होस्टेलवर राहायचं म्हणजे एका मुलीचा छोटा संसारच तो. गादीचं प्लास्टिकसुद्धा वासुदेवने काढू दिलं नव्हतं. धूळ बसते म्हणाला.

मसोलीहून बाराला निघायचं ठरलं होतं आणि ते बाराच्या ठोक्याला निघाले होते. वासुदेवचं सगळं घड्याळाबरहुकूम. वलसाडला चारच्या आत पोचायचं होतं. चारनंतर तिथे कोणी दारात उभं करत नाही. तरी गाडी तो अशी हाकत होता की जणू मागे बाळंतीण झोपली आहे. गतिरोधक दिसला की पार थांबायचा, मग हळूच पुढची चाकं, मग मागची. लतिका म्हणाली, अहो, अशाने चार काय, सहा वाजतील. त्यावर तो म्हणाला, घाईने जाऊन वाट लावण्यापेक्षा उशीर परवडला.

चारोटीला हायवे लागला. पुढे महालक्ष्मीचा कळस दिसला तसे लतिकाने बसल्याबसल्या हात जोडले. देवीकडे तिचं एकच मागणं होतं : पोर सुखरूप पोचू दे.

तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. कारण स्वप्ना. वासुदेवच्या मित्राची, दर्शनची पोरगी. दोन वर्षांपूर्वी तीही अशीच गाडीभर सामान घेऊन निघाली होती. कागदावर एक तारीख चुकली होती, एवढंच. त्या एका तारखेपायी पोरीचं वर्ष गेलं, आणि दर्शन अजून चारचौघांत मान वर करत नाही. मयूरी जेमतेम एकोणीस वर्षांची. तिचं तसं झालं तर आपण कुठल्या तोंडाने जगायचं?

म्हणून तिने फाइल पुन्हा उघडली. प्रवेशाचं पत्र घडीवर विरायला लागलं होतं. तिने ते जपून उलगडलं, तारीख बोट ठेवून वाचली आणि परत ठेवलं.

मग उजळणी सुरू झाली. कोर्स कुठला? खोली कितवी? रेक्टरबाईंचं आडनाव काय? मयूरी पाढे म्हणावेत तशी उत्तरं देत होती. बी.कॉम., पहिलं वर्ष. खोली सतरा. देसाई मॅडम.

"आणि बापाचं नाव विसरू नकोस," वासुदेव आरशात बघून म्हणाला. मयूरी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तलासरीला चहासाठी थांबले. वासुदेव चहा घेऊन गाडीपाशीच उभा राहिला. मयूरीने भजी नको म्हटलं. समोर कॉलेजच्या मुलींचा घोळका बसची वाट बघत खिदळत होता. मयूरी त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. लतिकाला तिची फार माया आली. तिने मुलीच्या ओढणीला सेफ्टी पिन लावून दिली. काही होणार नाही, आम्ही आहोत ना, असं म्हणत तिने ती पिन पुन्हा एकदा तपासली.

अच्छाड मागे पडलं आणि गुजरातचा नाका आला. गाड्यांची रांग होती. पुढच्या गाडीतून चार पोरांना उतरवलं होतं. स्टेपनीखालून दारूच्या दोन बाटल्या निघाल्या होत्या. पोरं हातापाया पडत होती. पोलीस ऐकत नव्हते.

मग व्हॅनची पाळी आली. साठीकडे झुकलेला एक पोलीस काचेपाशी वाकला.

"क्यां जाओ छो?"

"दीकरीने होस्टेलमां मूकवा, साहेब," वासुदेव म्हणाला. त्याने फाइल पुढे केली. पोलिसाने पत्र वाचलं, मागचं दार उघडायला लावलं. पेटीचं झाकण उचललं. वर वह्या, घडीचे कपडे, देवीचा फोटो. तो बाकीच्या सामानाकडे वळणार, तोच मयूरीने लतिकाच्या गळ्यात हात टाकले.

"आई, मला नाही गं जायचं."

दिवसभरात तिने आई अशी हाक मारली ती तेव्हाच. हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलत होतं. लतिकालाही रडू आवरेना. ती पोरीच्या पाठीवरून नुसती हात फिरवत राहिली.

पोलीस ओशाळला. त्याने पेटी स्वतः बंद केली. माझीही एक अशीच सुरतला आहे, तीसुद्धा पहिले आठ दिवस रडली, असं त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. मग मयूरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडवानुं नहीं, बेटा. भणीने मोटी था." शिकून मोठी हो, असा आशीर्वाद देऊन त्याने हाताने रस्ता मोकळा करून दिला.

पावणेचारला ते वलसाडला पोचले. बाजारामागच्या गोदामात व्हॅन शिरली आणि शटर खाली आलं. तिथल्या माणसाने ब्लेडने गादीची शिवण उसवली आणि कापसातून बाटल्या एकेक करून काढून खोक्यात भरल्या. एकही फुटली नव्हती. मयूरीने ओढणीने तोंड पुसलं, पत्राची पुन्हा तशीच घडी घातली आणि फाइल लतिकाच्या हातात दिली. "काकू," ती हळूच म्हणाली, "पुढच्या बुधवारी नर्सिंगचं कॉलेज सांगू या का? मला खरं तेच शिकायचं होतं."