फुटक्या टाकीचं पाणी

सावरीच्या कापसाची एक उशी. तिच्यावर हल्ली कुणी बसत नाही.

टेकडीवर एक समाधी. श्रावणात चहूबाजूंनी पाणी.

ज्या घरात मासा कधी शिजला नाही, त्या घरची मासेमारीची नाव.

काळी छत्री.

हायवे.

छत्रीखाली अमृतप्पा होते. अमृतप्पा नावेत बसले होते, नाव ट्रॉलीत होती आणि ट्रॅक्टर त्यांचा मुलगा गुरुबसव चालवत होता. मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलांपुढं चहा पिणारी माणसं कप हातात धरून बघत राहिली. एकानं विचारलंच, "अप्पा, मासे खायलाव का आता?" अमृतप्पांनी त्याला हात केला, काठावरच्या माणसाला करावा तसा.

नाव फायबरची, एके काळी निळी. मच्छीमारांच्या सोसायटीनं नव्या नावा आणल्या तेव्हा ही जुनी अमृतप्पांनी घेतली. धरणाचं पाणी चढलं की त्यांच्या शेताचा टेकडीवर उरलेला तुकडा बेट होऊन बसायचा. वैरण आणायला नाव लागे. त्याच तुकड्यावर, पाणी आटलेल्या एका उन्हाळ्यात, बायकोला, रुद्रम्माला माती दिली. उन्हाळ्यात तिच्यापर्यंत पायी जाता येतं. एरवी नावेशिवाय वाट नाही. आणि गेल्या पावसाळ्यात नावेच्या तळातून पाणी यायला लागलं. तो अख्खा श्रावण अमृतप्पांनी काठावर बसून काढला.

पहिलं दुकान हायवेलाच, काचेच्या दाराचं. मालक तरुण, बोलायला गोड. बाहेर येऊन त्यानं फोनवर गोव्याकडच्या नावांचे फोटो दाखवले. असा रंग मारू म्हणाला, की तडा कुठं होता ते तुम्हालाही सापडणार नाही. नाव ठेवून निवांत घरी जा. बाटलीतलं थंड पाणी आणवलं. गुरुबसवला माणूस पटला. अमृतप्पांनी बाटली हातात फिरवली, न उघडता परत केली, आणि नावेतून काही उतरले नाहीत.

"कामून अप्पा?" गुरुबसव वैतागला. "चांगला माणूस हाय की."

"तडा दिसणार न्हाई म्हणला. ऱ्हाणार न्हाई असं कुठं म्हणला?"

ट्रॅक्टर गावाच्या मागच्या अंगाला वळला. खड्ड्यांतून नाव डुलायला लागली तसा अमृतप्पांचा हात आपोआप काठावर गेला. समोरच्या फळीवर उशी होती. तिथं रुद्रम्मा बसायची, टेकडीकडं पाठ आणि नवऱ्याकडं तोंड करून. वल्हं मारताना तिच्या खांद्यामागून टेकडी मोठी होत यायची. पुढं खडक आहे की वारा, ते ती मागं वळून कधी बघायची नाही. अमृतप्पांच्या तोंडावरून ओळखायची. परतताना मध्ये वैरणीचा भारा असायचा. मग ती दिसायची नाही, भाऱ्यापलीकडून नुसतं बोलणं यायचं. वैरणीच्या वासाचं बोलणं.

दुसरं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर पाण्याच्या टाक्या, कूलरचे सांगाडे, अर्धवट घडलेला फायबरचा नंदी. आत बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. मालकाचं नाव धम्मानंद. तो ट्रॉलीवर चढला आणि तळ बोटांनी ठोकत गेला. दोन जागा मऊ झाल्यात, खरवडून वाळवून थर द्यावे लागतील, म्हणाला. नाव आपण आजवर एकही केलेली नाही, हेही सांगून टाकलं.

"आन् जोड दिसंल बघा. नव्यावानी व्हणार न्हाई."

गुरुबसवनं वडिलांकडं पाहिलं, चला म्हणून.

शेडच्या दाराशी नळ होता, नळापाशी पालथा तांब्या होता. तरी धम्मानंदनं समोरच्या हॉटेलवाल्याला बाटली आणायला हाक मारली. का, ते अमृतप्पांना कळलं. त्यांच्या आईनं असल्या दारात पाणी घेतलं नसतं. बसवण्णांचं नाव रोज घेणारी बाई, तरी घेतलं नसतं.

त्यांनी वर पाहिलं. छपरावर काळी टाकी होती. तिच्या पोटावर जुन्या घावासारखा पांढरट जोड.

"ती कुणी जोडली?"

"मीच. फुटली म्हणून एकानं फेकून दिलती."

"तू पितोस त्यातलं?"

"घरची समदी पितेत."

"मग बाटली कामून मागवायलास? त्यातलंच दे."

धम्मानंदनं तांब्या विसळला, पुन्हा विसळला, आणि भरून वर दिला. अमृतप्पांनी तो वर धरून घशात ओतला नाही. ओठांना लावला आणि रिकामा केला. गुरुबसव ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत राहिला.

मग अमृतप्पांनी छत्री मिटली, उशी काखेत घेतली आणि सकाळपासून पहिल्यांदा नावेतून खाली उतरले.

"श्रावणाच्या आत व्हईल," धम्मानंद म्हणाला. "पाण्यात सोडायच्या दिवशी मला बोलवा, अप्पा. आधी मी बसंन."

नावेच्या काठावरून अमृतप्पांनी एकदा हात फिरवला.

नाव घेतली त्या वर्षी, पहिल्यांदा पाण्यात ढकलली तेव्हा, सगळ्यांच्या आधी रुद्रम्मा चढून बसली होती. तिला पोहता येत नव्हतं.