अर्ध्या मिशीची पैज

"हरेल त्याची अर्धी मिशी. भर दुपारी, सगळ्यांसमोर," न्हावी म्हणाला. "बोला, कबूल?"

"कबूल," उस्ताद म्हणाले. "पण लिहून ठेव. नंतर शब्द फिरवशील."

उस्ताद म्हणजे सोसायटीच्या गेटवरचे वॉचमन, फौजेतले जुने हवालदार. गेटला लागूनच न्हाव्याचं दुकान. त्याने कॅलेंडरचं जुनं पान फाडून पाठीमागे लिहिलं, 'निवृत्तीनंतर जनरलसाहेब हातबाँबवाल्या कंपनीत नोकरीला लागणार. न्हावी म्हणतो, हो. उस्ताद म्हणतात, नाही.'

सातव्या मजल्यावरचे जनरलसाहेब निवृत्त होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

"अहो, तिसऱ्या मजल्यावरचे ब्रिगेडियर रणगाडेवाल्यांकडे गेले. पाचव्यावरचे तोफावाल्यांकडे," न्हावी म्हणाला. "काल ज्याचा माल तपासायचा, आज त्याचाच विकत फिरायचा. यांची दाढी केली ना, की मी दोनदा साबणाने हात धुतो."

"आमचे साहेब त्यातले नाहीत."

"कशावरून?"

उस्तादांनी उजवा हात पुढे केला. तीनच बोटं होती. नऊ वर्षांपूर्वी सरावात याच कंपनीचा हातबाँब हातातून सुटतो न सुटतो तोच फुटला. शेजारी उभा असलेला जोडीदार जागच्या जागी गेला. चौकशी साहेबांनी केली. बाँब चोख होता, हवालदार, तुझा हात चुकला, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. वर उस्तादांची पेन्शनही वाचवली. तेव्हापासून उस्ताद दर महिन्याला जोडीदाराच्या आईला भेटून येत. नऊ वर्षांत एकदाही त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"खरं बोलणारा माणूस आहे तो," उस्ताद म्हणाले. "तोही तसलाच निघाला, तर मी कुणाच्या शब्दावर जगायचं?"

न्हाव्याने एवढ्यावर थट्टा केली नाही. पान घडी करून खिशात घातलं.

दोन महिन्यांत कंपनीची काळी गाडी यायला लागली. उस्ताद गेट उघडत, सॅल्यूट ठोकत आणि गाडीवरच्या नावाकडे न बघता गेट लावत. तिसऱ्या महिन्यात कंपनीने सोसायटीच्या हिरवळीवरच खुर्च्या मांडल्या. मागे फलक, 'आमचे मुख्य सल्लागार'. खाली साहेबांचा हसरा फोटो.

न्हावी स्टूल, टॉवेल आणि वस्तरा घेऊन हजर.

"पाव मिशीवर मिटवू का, उस्ताद?"

"पैज अर्धीची होती. भादर."

ते ताठ बसले. खुर्च्यांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोबाइल वर धरला. उस्तादांच्या बायकोने वॉचमनच्या खोलीची खिडकी लावून घेतली. न्हाव्याने मिशीला फेस लावला.

"हलू नका हं. माझा हात चुकायचा."

उस्तादांनी डोळे मिटले.

तिकडे कंपनीच्या नव्या मॅनेजरने ऑफिसातून आलेलं स्मृतिचिन्ह उचललं आणि त्यावरचा मजकूर माइकवर वाचायला घेतला.

"आमच्या कंपनीत दहा वर्षांची अखंड सेवा पूर्ण केल्याबद्दल..."

साहेब जोरात खोकले. माइक धरायला त्यांनी हात पुढे केला. मॅनेजरने तोच हात हातात घेऊन प्रेमाने हलवला आणि तीच ओळ पुन्हा, जरा सावकाश वाचली.

वस्तरा हवेतच थांबला. न्हाव्याने खिशातलं पान काढलं. 'निवृत्तीनंतर' या पहिल्याच शब्दावर त्याचं बोट अडलं. मग त्याने टॉवेलने उस्तादांच्या मिशीवरचा फेस पुसला.

"उठा," तो हळूच म्हणाला. "जिंकलात तुम्ही."

तो स्वतः स्टुलावर बसला आणि आपल्या पिळदार मिशीला फेस लावून घेतला. उस्तादांनी वस्तरा तीन बोटांत धरला, साहेबांच्या नजरेला नजर दिली आणि न्हाव्याची अर्धी मिशी सफाचट उतरवली. हात जराही चुकला नाही.